परदेशात मेडिकल डिव्हाइस विकायचंय? सामंजस्य करारापासून पहिल्या कन्साइनमेंटपर्यंत सगळं क्रमाने

दोन देशांत आरोग्य सहकार्याचा करार झाला अशी बातमी आली की लगेच फोन सुरू होतात. "आता तर सोपं झालं ना, सही झालीय की!" सही झाली हे खरं, पण त्या सहीने तुमचा एक बॉक्सही कस्टममधून सुटत नाही. मी छोट्या-मध्यम कंपन्यांच्या मेडिकल डिव्हाइसची परदेशातली नोंदणी आणि तिच्यामागून येणारा कागदांचा पसारा हेच काम करतो, नवीन माणूस कुठे अडकतो ते आता तोंडपाठ झालंय, म्हणून एकदाच लिहून ठेवतोय. औषधवाल्यांनाही यातलं बरंच लागू पडेल, आणि हॉस्पिटलच्या टायअपबद्दल शेवटाकडे थोडं आहे.

आधीच सांगतो, लोक किंमत, कमिशन, एक्झिबिशनमधला स्टॉल यावर महिनेच्या महिने घालवतात आणि तिकडचं रजिस्ट्रेशन नक्की कोणाच्या नावावर निघणार हे विचारायचंच राहून जातं. खरी ग्यानबाची मेख तिथेच आहे. पायरी ३ दोनदा वाचलीत तरी चालेल.

१. करार कसला झालाय ते आधी बघा

सामंजस्य करार म्हणजे एमओयू, आणि बहुतेक एमओयूमध्ये "दोन्ही पक्ष सहकार्य वाढवतील, तज्ज्ञांची देवाणघेवाण करतील" अशी वाक्यं असतात. चांगली वाक्यं आहेत, पण बंधन कोणावरच नाही. तुमच्या कामाचा करार असतो तो दोन देशांच्या नियामक संस्थांमधला. एका देशाच्या तपासणीचा अहवाल दुसरा देश मानणार का, एवढंच त्यात शोधायचं.

उदाहरण घ्या. युरोपियन युनियन आणि अमेरिका यांच्यात औषध कारखान्यांच्या तपासणीबद्दल परस्पर मान्यता करार आहे, तो १ नोव्हेंबर २०१७ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाला आणि माणसांच्या औषधांसाठी जुलै २०१९ पर्यंत युनियनमधले सगळे सदस्य देश त्यात आले. त्याने काय झालं, तर एकाच कारखान्यात दोन वेळा तपासणी पथक यायचं ते बरंच कमी झालं. म्हणजे खर्च वाचला, तारखा वाचल्या. पण औषधाची मंजुरी? ती दोन्हीकडे वेगळीच काढावी लागते!

आता उलटं उदाहरण. स्वित्झर्लंड आणि युरोपियन युनियनचा असाच करार होता, त्यात मेडिकल डिव्हाइसही होते. २६ मे २०२१ ला युरोपचा नवा डिव्हाइस कायदा लागू झाला आणि तो करार काही अपडेट झाला नाही, राजकीय बोलणी फिसकटली होती. परिणाम असा की स्विस कंपन्या शेजारीच बसलेल्या बाजारासाठी परक्या ठरल्या, त्यांना युनियनमध्ये अधिकृत प्रतिनिधी नेमावे लागले, लेबलं बदलावी लागली, आणि युरोपच्या कंपन्यांना स्वित्झर्लंडसाठी तेच करावं लागलं. म्हणून कराराची बातमी नका वाचू, करार उघडा आणि त्याच्या शेवटच्या परिशिष्टात तुमच्या प्रॉडक्टचा प्रकार आहे का ते बघा. नसेल तर तुमच्यासाठी तो करार झालाच नाही असं धरून चाला.

अजून एक शॉर्टकट आहे जो खरंच कामाचा आहे, एमडीसॅप. ऑस्ट्रेलिया, ब्राझील, कॅनडा, जपान आणि अमेरिका या पाच देशांसाठी एकच ऑडिट. कॅनडाने तर १ जानेवारी २०१९ पासून क्लास २ आणि त्यावरच्या डिव्हाइसला ते सक्तीचंच केलंय. या पाचांपैकी दोन बाजार जरी डोक्यात असतील तर सुरुवातीलाच विचार करा, नंतर परत ऑडिट करत बसण्यापेक्षा बरं.

२. तुमचं प्रॉडक्ट तिकडे कुठल्या क्लासमध्ये बसतं

प्रत्येक देश धोक्यानुसार क्लास पाडतो आणि प्रत्येकाची मोजपट्टी वेगळी. अमेरिकेत तीन क्लास, युरोपात एक, दोन-ए, दोन-बी, तीन, भारतात ए ते डी, कॅनडा आणि जपानमध्ये चार. त्यामुळे फोनवर समोरचा "क्लास ३ आहे ना?" म्हणाला तर "हो" म्हणायच्या आधी विचारा की कोणाचा ३. अमेरिकेत ३ म्हणजे सगळ्यात वरचा, कॅनडात त्याच्याही वर ४ आहे.

सॉफ्टवेअरवाल्यांनी तर जास्तच सांभाळा. युरोपच्या जुन्या नियमांत क्लास १ मध्ये बसणारी बरीच सॉफ्टवेअर नव्या नियमांत दोन-ए किंवा त्याच्या वर गेली, आणि दोन-ए म्हटलं की नोटिफाइड बॉडी (युरोपने तपासणीसाठी नेमलेली स्वतंत्र संस्था) आली, म्हणजे बाहेरचं ऑडिट, रांग आणि फी.

क्लास ठरतो "इंटेंडेड यूज" या एका वाक्यावर, म्हणजे हे उपकरण कशासाठी, कोणावर, कोण वापरणार. हे वाक्य मार्केटिंगवाल्यांना लिहू देऊ नका. "निदान करते" आणि "डॉक्टरांना माहिती दाखवते" यात क्लास बदलू शकतो, आणि एकदा वेबसाइटवर "निदान करते" टाकलंत आणि अर्जात दुसरं लिहिलंत की रिव्ह्यू करणारा तुमचीच वेबसाइट तुम्हाला दाखवतो.

सापळा : बाजारात "एफडीए सर्टिफिकेट" म्हणून गरुडाचं चित्र आणि सोनेरी किनार असलेला कागद विकत मिळतो. अमेरिकेची एफडीए, म्हणजे तिकडची औषधं आणि उपकरणांची नियामक संस्था, डिव्हाइस कंपन्यांना नोंदणीचं सर्टिफिकेट देतच नाही, ती फक्त यादीत नाव घेते आणि यादीत नाव असणं म्हणजे मंजुरीही नाही. असा कागद पार्टनरने दाखवला तर त्या पार्टनरबद्दलच दोनदा विचार करा. खरी मंजुरी, म्हणजे समजा ५१०के क्लिअरन्स (आधीच बाजारात असलेल्या तशाच उपकरणाशी तुलना करून मिळते ती), एफडीएच्या साइटवर कोणालाही फुकट शोधता येते.

३. रजिस्ट्रेशन कोणाच्या नावावर?

परदेशी कंपनी थेट अर्ज करू शकते असे देश कमी. बहुतेक ठिकाणी स्थानिक माणूस किंवा कंपनी मध्ये लागते आणि तिचं नाव दर देशात वेगळं. ऑस्ट्रेलियात स्पॉन्सर, युरोपात अधिकृत प्रतिनिधी, अमेरिकेत यूएस एजंट, जपानमध्ये मार्केटिंग ऑथरायझेशन होल्डर, ब्राझीलमध्ये रजिस्ट्रेशन होल्डर, भारतात ऑथराइज्ड एजंट. नावं वेगळी हे ठीक, पण त्यांच्या हातात असलेली ताकद पण वेगळी, आणि ते कोणी सांगत नाही. अमेरिकेतला एजंट हा बराचसा संपर्कापुरता, मंजुरी तुमचीच राहते. युरोपातला प्रतिनिधी जबाबदारीत अडकतो, तुम्ही नियम पाळले नाहीत आणि सदोष उपकरणाने कोणाला इजा झाली तर तोही तुमच्यासोबत धरला जातो, म्हणून तो तुमची टेक्निकल फाइल मागतो आणि फी पण तशीच घेतो, त्याच्यावर चिडू नका. पण ब्राझील, ऑस्ट्रेलियासारख्या ठिकाणी नोंदणीच त्या स्थानिक माणसाच्या नावावर असते. भारतातही इम्पोर्ट लायसन्स एजंटच्याच नावावर निघतं.

आता बघा काय होतं. तुमचा डिस्ट्रिब्युटर गोड बोलतो, "रजिस्ट्रेशनचं आम्ही बघतो, फी पण आम्हीच भरतो." फुकटात मिळतंय म्हणून कंपनी खूश. दोन वर्षांनी तो ऑर्डर देईना, किंवा तुमच्या स्पर्धकाचाही माल विकायला लागला, तुम्ही दुसरा डिस्ट्रिब्युटर शोधला तर तो नवीन बिचारा माल आणूच शकत नाही, कारण लायसन्स जुन्याकडे. आणि जुना म्हणतो, सोडतो की, पण आधी झालेला खर्च द्या, शिल्लक स्टॉक परत घ्या, वर नुकसानभरपाई. अशा केसेस आमच्याकडे सारख्या येतात. गंमत म्हणजे यात डिस्ट्रिब्युटर लबाडच असतो असंही नाही, त्याने खरंच पैसे घातलेले असतात, कागदावर काहीच ठरलेलं नसतं एवढंच.

यावर उपाय असे :

नोंदणी धरणारा आणि माल विकणारा हे दोघं वेगळे ठेवा. फक्त प्रतिनिधित्वाचं काम करणाऱ्या स्वतंत्र कंपन्या असतात, त्या वर्षाची फी घेतात आणि माल विकत नाहीत. मग डिस्ट्रिब्युटर दोन ठेवा, चार ठेवा, बदला. जपानमध्ये तर अशी सोयच आहे की मंजुरी परदेशी उत्पादकाच्या नावावर ठेवून स्थानिक होल्डर फक्त नेमायचा, थोडी महाग पडते पण सुटका करून घ्यायची वेळ आली की किंमत कळते.

अधिकारपत्रावर मुदत टाका. "पुढील सूचना मिळेपर्यंत" असं लिहिलेलं अधिकारपत्र मी पाहिलं की पोटात गोळा येतो. दोन किंवा तीन वर्षं, नूतनीकरण लेखी.

एक्स्क्लुझिव्ह हक्क मागितले तर वर्षाची किमान खरेदी लिहून घ्या, ती झाली नाही तर हक्क आपोआप संपतात हेही त्याच कलमात. काही देशांत स्थानिक एजंटला कायद्याचंच संरक्षण असतं, करार संपवला तरी भरपाई द्यावी लागते, त्यामुळे सही करण्याआधी तिकडच्या वकिलाला एकदा दाखवाच.

नोंदणीची पूर्ण फाइल, पोर्टलवरची पावती, नियामकाशी झालेला पत्रव्यवहार याची प्रत तुमच्याकडे यायला हवी, करार संपला की ट्रान्सफरच्या कागदांवर ठरलेल्या दिवसांत सही करावी लागेल, हेही लिहा. आणि वाद झाला तर लवाद म्हणजे आर्बिट्रेशनचं कलम घाला. एका देशाच्या कोर्टाचा निकाल दुसऱ्या देशात चालवून घेणं फार जिकिरीचं, लवादाच्या निवाड्यासाठी १९५८ चा न्यूयॉर्क करार आहे आणि जगातले बहुतेक व्यापारी देश त्यात आहेत.

४. कागदपत्रं

डिव्हाइससाठी साधारण हे लागतं, देशाप्रमाणे कमी-जास्त :

- आयएसओ १३४८५ सर्टिफिकेट (कारखान्याच्या गुणवत्ता व्यवस्थेचं), मुदत बाकी असलेलं
- फ्री सेल सर्टिफिकेट, म्हणजे माल आपल्या देशात कायदेशीरपणे विकला जातो असा सरकारी दाखला (औषध असेल तर डब्ल्यूएचओच्या नमुन्यातलं सीओपीपी, म्हणजे औषधाचा तसाच दाखला, ही योजना १९६९ पासून चालू आहे)
- टेक्निकल फाइल : आयएसओ १४९७१ प्रमाणे जोखीम विश्लेषण, क्लिनिकल पुरावे, विजेवर चालत असेल तर आयईसी ६०६०१ चे टेस्ट रिपोर्ट, शरीराला लागत असेल तर आयएसओ १०९९३ चे
- निर्जंतुक केलेलं असेल तर स्टरिलायझेशन व्हॅलिडेशन आणि शेल्फ लाइफचा अभ्यास
- लेबल आणि वापरपुस्तिका, त्या देशाच्या भाषेत
- अधिकारपत्र, पॉवर ऑफ अॅटर्नी
- डिक्लरेशन ऑफ कन्फॉर्मिटी (उपकरण नियमांत बसतं असं उत्पादकाने सही करून दिलेलं)

यादी कुठेही मिळते, अडतं ते पत्त्यावर. आयएसओ सर्टिफिकेटवर "प्लॉट १२ व १३", फ्री सेलवर "प्लॉट १२", लेबलवर नुसतं एस्टेटचं नाव. तुम्हाला माहीत आहे तो एकच कारखाना आहे, रिव्ह्यू करणाऱ्याला नाही, त्याच्या दृष्टीने हे तीन उत्पादक. मग खुलासा, मग शपथपत्र, मग तेही पुन्हा नोटरी आणि वरचे शिक्के. म्हणून पहिला अर्ज टाकायच्या आधी सगळे कागद टेबलावर शेजारी शेजारी मांडा आणि कंपनीचं नाव, पत्ता, मॉडेल नंबर अक्षर न् अक्षर बोट ठेवून जुळवा. "प्रा. लि." कुठे पूर्ण लिहिलंय, कुठे छोटं, तेसुद्धा. कंटाळवाणं काम आहे, ज्युनिअरवर ढकलू नका.

मग अपोस्टिल. १९६१ च्या हेग करारातले देश एकमेकांचे सार्वजनिक कागद एकाच शिक्क्यावर मान्य करतात, दूतावासाच्या खेपा वाचतात. चीन यात नोव्हेंबर २०२३ पासून आलाय, कॅनडा जानेवारी २०२४ पासून, त्यामुळे जुन्या चेकलिस्ट वापरू नका. एक बारीक गोष्ट : दोन्ही देश सदस्य असले तरी एकाने दुसऱ्याच्या सदस्यत्वाला आक्षेप घेतलेला असेल तर त्या दोघांत अपोस्टिल चालत नाही, हेग परिषदेच्या साइटवर हे दिसतं, बघून घ्या. आणि अपोस्टिल होऊन आलेल्या कागदाची पिन काढू नका! स्कॅनिंगला सोयीचं म्हणून कोणीतरी ऑफिसात पिन उचकटतो, पानं सपाट करून मस्त स्कॅन करतो आणि परत नवी पिन मारतो. पहिल्या पानाच्या कोपऱ्यात आता चार भोकं. समोरच्या काउंटरवरचा माणूस कागद उजेडात धरतो, भोकं मोजतो आणि परत देतो, पान बदललं नसेल कशावरून?

५. अर्ज टाकल्यावर

थांबायचं. आणि क्वेरी आली की उत्तर द्यायचं. क्वेरीला उत्तराची मुदत असते, ती चुकली तर अनेक ठिकाणी अर्ज बंद होतो आणि फी जाते. क्वेरी प्रतिनिधीच्या पोर्टलवर येते, तुमच्या मेलवर नाही, म्हणून आठवड्यातून एकदा त्याला विचारायची सवय ठेवा. उत्तर देताना विचारलं तेवढंच द्या. दहा पानं जास्त जोडली की त्यातून आणखी दहा प्रश्न निघतात.

६. टेंडर, पैसे आणि लाच

सरकारी हॉस्पिटलांची खरेदी टेंडरनेच होते, आणि टेंडरमध्ये जुन्या विक्रीचे दाखले, सर्व्हिस इंजिनिअर, सुटे भाग याची हमी असं बरंच मागतात. माल पोचताना किती शेल्फ लाइफ शिल्लक हवी ती अट आधी वाचा, नाहीतर एक्सपायरी वर्षाची आणि जहाजात, कस्टममध्ये महिने गेले, की माल चांगला असून परत.

पहिल्या व्यवहाराला लेटर ऑफ क्रेडिट (एलसी) बरं, म्हणजे ठरलेले कागद दिले की पैसे देण्याची खरेदीदाराच्या बँकेची हमी. पण बँक माल बघत नाही, कागद बघते. इन्व्हॉइसवरचं वर्णन एलसीशी जुळलं पाहिजे, मॉडेल नंबरातला एक आकडा इकडचा तिकडे झाला की ती टायपिंगची चूक धरली जात नाही, डिस्क्रिपन्सी होते, म्हणजे कागद जुळत नाहीत म्हणून बँक पैसे अडवू शकते. एलसीत वेगळं काही लिहिलेलं नसेल तर यूसीपी ६०० (एलसीचे आंतरराष्ट्रीय नियम) प्रमाणे ट्रान्सपोर्टचे मूळ कागद माल चढवल्यापासून २१ दिवसांच्या आत बँकेत द्यायचे असतात. फ्रेट फॉरवर्डर (माल पाठवण्याची व्यवस्था करणारा) बिल ऑफ लेडिंग, म्हणजे माल जहाजावर चढल्याची पावती, देताना चार-पाच दिवस सहज खातो, हिशेबात धरा.

आणि "तिकडे असंच चालतं" म्हणून कोणी डॉक्टरांच्या कॉन्फरन्सचा, हॉटेलचा खर्च उचलायला सांगितला तर हात मागे घ्या. सरकारी हॉस्पिटलातला डॉक्टर अमेरिकेच्या १९७७ च्या भ्रष्टाचारविरोधी कायद्याप्रमाणे परदेशी सरकारी अधिकारी धरला जातो. ब्रिटनचा २०१० चा लाचविरोधी कायदा तर सरकारी-खासगी असा फरकच करत नाही. एजंटने दिली, आम्हाला माहीत नव्हतं, हा बचाव फारसा टिकत नाही. कमिशन नेहमीपेक्षा फारच जास्त मागितलं तर ते पैसे पुढे कुठे जाणार हे तुम्ही ओळखायला हवं.

७. माल पाठवताना

एचएस कोडचे (कस्टमसाठी मालाच्या प्रकाराचा नंबर) पहिले सहा आकडे जगभर एकच असतात, पुढचे देशानुसार. वैद्यकीय उपकरणं बरीचशी ९०१८ मध्ये, तयार औषधं ३००४ मध्ये. ड्युटी कोण भरणार हे इन्कोटर्म्सवर ठरतं, म्हणजे खर्च आणि जोखीम कोणाची हे सांगणाऱ्या ठरावीक आंतरराष्ट्रीय अटींवर. नवीन माणसाने डीडीपी घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे, त्यात तिकडची ड्युटी आणि टॅक्स दोन्ही तुमच्या गळ्यात पडतात.

लाकडी पॅलेट असेल तर त्यावर आयएसपीएम १५ (लाकडातून कीड पसरू नये म्हणूनचा आंतरराष्ट्रीय नियम) चा शिक्का हवा. लाकडावर ठरलेली प्रक्रिया झाल्याची ही खूण असते, बहुतेक वेळा आतपर्यंत ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवल्याची. लाखोंचं मशीन, आणि कंटेनर अडतो लाकडाच्या फळकुटावर! लिथियम बॅटरी असेल तर यूएन ३८.३ (बॅटरीच्या वाहतूक-सुरक्षेची चाचणी) चा टेस्ट समरी जोडा. सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या प्रवासी विमानातून मालवाहतुकीत नेता येत नाहीत, त्यामुळे स्पेअर बॅटऱ्यांचं वेळापत्रक वेगळं धरा.

२ ते ८ अंशांतला माल असेल तर डेटा लॉगर (तापमान नोंदवत राहणारं छोटं यंत्र) बॉक्सच्या आत, मालाला चिकटून ठेवा, झाकणाला नाही. ग्राफ उघडला की बहुतेक वेळा दिसतं की विमानात सगळं सपाट आहे, आणि चढ येतो तो विमानतळाच्या डांबरी पट्ट्यावर, बॉक्स उन्हात लोडिंगची वाट बघत उभा असतो तेव्हा. म्हणून फ्लाइट निवडताना ट्रान्झिट कुठे, किती तास, हे भाड्यापेक्षा आधी विचारा.

८. हॉस्पिटल टायअप, टेलिमेडिसिन वगैरे

थोडक्यात सांगतो. ऑनलाइन सल्ला देणार असाल तर साधारण नियम असा की पेशंट जिथे बसलाय तिथलं लायसन्स लागतं, डॉक्टर जिथे बसलाय तिथलं पुरत नाही. अमेरिकेत तर राज्या-राज्याचं वेगळं. पेशंटचा डेटा सीमेपलीकडे नेणं हा स्वतंत्र विषय आहे, युरोपच्या जीडीपीआर या डेटा संरक्षण कायद्यामध्ये आरोग्याची माहिती विशेष संरक्षित प्रकारात येते, त्यामुळे रिपोर्ट व्हॉट्सअॅपवर पाठवायची सवय आधी सोडा. नर्स किंवा डॉक्टर भरती असेल तर डब्ल्यूएचओची २०१० ची आचारसंहिता वाचा. ती कायद्याने बंधनकारक नाही, पण ज्या देशांत मनुष्यबळच कमी आहे तिथून जोरात भरती करू नये असं तिचं म्हणणं आहे, आणि सरकारी करारांत तिचा उल्लेख बऱ्याचदा येतो.

९. पहिला माल विकला गेल्यावर

इथे खूप जण ढिले पडतात. तुमच्या उपकरणाने कोणाला त्रास झाला तर कळवायची मुदत धावायला लागते. युरोपात गंभीर घटना १५ दिवसांत, मृत्यू किंवा तब्येत अनपेक्षितपणे गंभीर बिघडली तर १० दिवसांत, आणि सार्वजनिक आरोग्याला मोठा धोका असेल तर २ दिवसांत. डिस्ट्रिब्युटरच्या सेल्समनला हॉस्पिटलमध्ये कोणीतरी तोंडी सांगतं, तो महिन्याच्या मीटिंगला तुम्हाला सांगतो, तोवर मुदत कधीच उलटून गेलेली असते. म्हणून करारातच लिहा, कुठलीही तक्रार कळल्यापासून एका दिवसात तुमच्यापर्यंत आली पाहिजे, तोंडी असली तरी. आणि कोणता लॉट नंबर कुठल्या हॉस्पिटलला गेला याची यादी दर महिन्याला मागून घ्या. तो ग्राहकांची नावं द्यायला तयार नसेल, तर नावं सीलबंद प्रतिनिधीकडे राहतील आणि रिकॉल (सदोष माल परत मागवणं) झाला तरच उघडतील असं ठरवता येतं, बरेच जण याला तयार होतात.

लेबल, सप्लायर, सॉफ्टवेअरचं व्हर्जन, कारखान्याचा पत्ता, यातलं काहीही बदलायचं असेल तर आधी नोंदणी असलेल्या प्रत्येक देशाच्या प्रतिनिधीला मेल टाका. काही ठिकाणी नुसतं कळवून भागतं, काही ठिकाणी मंजुरी येईपर्यंत जुनाच माल पाठवावा लागतो, म्हणून जुन्या लेबलचा थोडा स्टॉक हाताशी ठेवा. सर्टिफिकेट, अधिकारपत्र आणि लायसन्स यांच्या संपायच्या तारखा एकाच शीटमध्ये टाका, आणि नूतनीकरणाचं काम मुदतीच्या वर्षभर आधी सुरू करा, कारण नवं फ्री सेल सर्टिफिकेट मिळवून त्यावर अपोस्टिल करून घेण्यातच त्यातला बराच वेळ जातो.